गार्डनमध्ये सायकलींसाठी शेड: लाकडी की लोखंडी? (यूके)

रेडिंगचा_पेडलवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न मुख्यतः यूकेमधल्या लोकांना आहे, पण बाकीच्यांनाही काही सुचलं तर जरूर सांगा.

आम्ही रेडिंगला सेमी-डिटॅच्ड घरात राहतो, घर आमचंच (म्हणजे बँकेचं). सायकली चार झाल्यात. माझी रोड बाईक ऑफिसच्या सायकल-टू-वर्क स्कीममधून घेतलेली, तिचे हप्ते अजून पगारातून कापले जातायत, बायकोची इलेक्ट्रिक, आणि पोरांच्या दोन. सगळ्या सध्या हॉलवेमध्ये उभ्या असतात, बायकोची बॅटरीही तिथेच चार्जिंगला, आणि भिंतीवर ग्रीसचे पट्टे उमटलेत त्यावरून घरात रोज काहीतरी ऐकावं लागतं. तर आता मागच्या गार्डनमध्ये शेड टाकायचीच असं ठरलंय.

पण मध्येच असं झालं की दोन घरं सोडून जे आजोबा राहतात त्यांची लाकडी शेड फुटली. गवत कापायचं मशीन आणि नातवाची माउंटन बाईक गेली. मी जाऊन बघितलं तर कुलूप चांगलं जाडजूड, जसंच्या तसं बंद, कडी-कोयंड्यात लटकतंय, आणि दार उलट्या बाजूने, बिजागऱ्यांकडून उघडून बाजूला टेकवून ठेवलेलं. बिजागऱ्यांचे स्क्रू खाली गवतात पडलेले, एकही मोडलेला नाही. म्हणजे माणसाने निवांत स्क्रूड्रायव्हरने काढले.

आमच्या गार्डनच्या मागे लाकडी फेन्स आणि फेन्सपलीकडे पायवाट आहे, रात्री तिथे चिटपाखरू नसतं. बजेट हजार पौंडाच्या आसपास, थोडं वरखाली चालेल. बायकोला लाकडी हवीय कारण ती गार्डनमध्ये बरी दिसते, मला आता लाकडीचा धसका बसलाय. प्लास्टिकच्याही बघितल्या, स्वस्त आहेत. परवानगी वगैरे लागते का? आणि चार सायकलींना ६ बाय ४ फूट पुरेल का?

हातोडी_पक्कड

प्लास्टिकचं पहिलं निकालात काढतो. पावसापाण्याला उत्तम, गंजत नाही, कुजत नाही, कुंड्या माती फावडी ठेवायला मस्त, पण पहारीने दाराचा कोपरा उचकला की पॅनल वाकतं आणि हात आत जातो. सायकलींसाठी नको.

आता लाकडी. आजोबांच्या शेडचं जे झालं तेच बहुतेक लाकडी शेडचं होतं, कारण दुकानातून येते तेव्हा ती चोरासाठी केलेलीच नसते. दार बाहेर उघडतं म्हणून बिजागऱ्या बाहेर, आणि त्यांना असतात छोटे लाकडी स्क्रू. लोक चाळीस पौंडाचं कुलूप आणतात आणि ते ज्या कोयंड्यात अडकवतात तो चार स्क्रूंवर उभा असतो. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

लाकडीच घ्यायची असेल तर असं कर. सगळ्यात स्वस्त असतात त्या ओव्हरलॅप फळ्यांच्या, फळी इतकी पातळ की लाथेने फुटते, त्या घेऊ नकोस. शिपलॅप किंवा टंग-अँड-ग्रूव्ह म्हणजे खाचेत बसणाऱ्या फळ्या, निदान १२ मिमी जाडीच्या, आणि खिडकी नसलेली बघ. खिडकी असलीच तर वर छताला लागून बारीक पट्टी असावी, म्हणजे उजेड येतो पण आत काय आहे ते दिसत नाही. मग घरी आल्यावर बिजागऱ्यांचे आणि कोयंड्याचे स्क्रू काढून फेकायचे आणि तिथे कोच बोल्ट आरपार टाकायचे. त्याचं डोकं बाहेरून गोल गुळगुळीत असतं, पान्हा स्क्रूड्रायव्हर काही लागत नाही, आतून मोठा वॉशर आणि नट. वॉशरच्या जागी आतून स्टीलची पट्टीच टाकलीस तर अजून बरं, नाहीतर पहार घातली की बोल्ट लाकडासकट बाहेर येतो. कोयंडा असा घ्यायचा की मिटल्यावर त्याचे बोल्ट पट्टीखाली झाकले जातात, आणि कुलूप क्लोज्ड शॅकलचं, म्हणजे ज्याची कडी खांद्यांमध्ये लपलेली असते आणि बोल्ट क्रॉपरचं (लोखंड तोडायची लांब दांड्यांची कात्री) तोंड घुसायला जागाच राहत नाही.

पण हे सगळं केलंस तरी शेड ही शेवटी पेटीच आहे. खरा जीव आहे तो आतल्या साखळीत आणि ती ज्याला बांधलीय त्या ग्राउंड अँकरमध्ये, म्हणजे जमिनीच्या काँक्रीटमध्ये बोल्टने पक्क्या बसवलेल्या लोखंडी कडीत. माझं स्पष्ट मत, हजारातले निदान दोनशे-अडीचशे पौंड आधी त्यासाठी बाजूला काढ आणि उरलेल्या पैशात शेड बघ. लोक उलट करतात, शेडवर सगळे पैसे घालतात आणि आत सायकली नुसत्या भिंतीला टेकवून ठेवतात.

यॉर्कशायरची_सूनबाई

हातोडी_पक्कड म्हणतायत ते बरोबर आहे पण इतकी उस्तवार करायला प्रत्येकाकडे ड्रिल आणि उत्साह दोन्ही नसतो हो. आम्ही सरळ लोखंडी घेतली, लीड्सला.

फक्त लोखंडी म्हणजे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात हे लक्षात घ्या. एक मिळते ती दोनशे-तीनशे पौंडांची पातळ पत्र्याची, सरकत्या दारांची, तिचा पत्रा हाताने वाकतो. तिच्यापेक्षा वर सांगितलेली लाकडी परवडली. दुसरी खास सायकलींसाठी केलेली जाड पत्र्याची, बिजागऱ्या आतून, दाराला तीन ठिकाणी अडकणारं लॉक, बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही, काहींना तर तळही पोलादाचाच असतो. ॲसगार्ड (ही आमच्या यॉर्कशायरचीच), ट्रायमेटल्स ही नावं तुम्हाला शोधताना दिसतीलच. कंपनीच्या नावावर जाऊ नका, त्या त्या मॉडेलला सोल्ड सिक्युअरचं किंवा एलपीएस ११७५ चं प्रमाणपत्र (दोन्ही फोडायला किती अवघड ते तपासून मिळतात) आहे का ते बघा, एकाच कंपनीच्या एका मॉडेलला असतं आणि दुसऱ्याला नसतं. चार सायकलींची घ्यायची तर हजाराच्या वर जाईल, सेलमध्ये जरा खाली येते.

आता तोटे पण सांगते, विकणारे सांगत नाहीत. ओल! थंडीत सकाळी दार उघडलं की छताला आतून थेंब लटकलेले असतात, आणि ओली सायकल तशीच आत ढकलली तर चेन आठवड्यात लाल. त्यामुळे हवेच्या जाळ्या ज्या दिलेल्या असतात त्यांच्यापुढे खोकी रचू नका, सायकल पुसून ठेवा, चेनला तेल, आणि ओली जॅकेटं मोजे घरात आणा. खालच्या काँक्रीटमध्ये प्लास्टिकचा ओलरोधक कागद टाकला असेल तर खूप फरक पडतो. दुसरं म्हणजे उंबरठा. इलेक्ट्रिक सायकल वीस-पंचवीस किलोची, ती रोज उचलून आत घ्यायची म्हणजे कंबर गेली, तेव्हा उंबरठा किती उंच आहे ते घेण्याआधी विचारा किंवा छोटा रॅम्प करा.

दिसण्याचं म्हणाल तर गडद हिरवी घ्या, पुढे वेल सोडा, सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या त्यांना ती पाण्याची टाकीच वाटली. माझ्या मते तेच बरंय, सायकली ठेवल्यात अशी दवंडी पिटणारी शेड नकोच.

बारीक_अक्षर

शेडच्या आधी तुमची इन्शुरन्स पॉलिसी उघडा. गंमत नाही करत. लोक शेड विकत घेतात, मग चोरी होते, मग पॉलिसी वाचतात, वरातीमागून घोडं.

घराच्या कंटेंट्स इन्शुरन्समध्ये, म्हणजे सामानाच्या विम्यात, तीन आकडे शोधा. एका वस्तूची मर्यादा किती, सायकलींची वेगळी मर्यादा आहे का, आणि आउटबिल्डिंगमधल्या म्हणजे शेड-गॅरेजमधल्या सामानाची एकूण मर्यादा किती. हा तिसरा आकडा बहुतेकांना माहीतच नसतो आणि तो बरेचदा चार सायकलींच्या किमतीपेक्षा कमी असतो. महागडी सायकल असेल तर तिचं नाव घालून वेगळी नोंदवावी लागते.

सायकलींचा खास विमा घेतलात तर अटी आणखी बारीक. शेडला कुलूप कसलं हवं, लाकडी शेड असेल तर सायकल आत फ्रेममधून साखळी घालून न हलणाऱ्या वस्तूला बांधलेली हवी, आणि त्या साखळीला किंवा लॉकला सोल्ड सिक्युअरचं ठराविक रेटिंग हवं, सायकल जितकी महाग तितकं वरचं. रेटिंग ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड आणि सगळ्यात वर डायमंड. ही संस्था इथल्या मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशनची आहे, लॉक विकणाऱ्या कंपनीची नाही, म्हणून विमावाले तेच मानतात. पुठ्ठ्यावर कंपनीने स्वतःच छापलेलं ‘१० पैकी ९ सिक्युरिटी’ वगैरे काही कामाचं नाही. लॉकची पावती आणि दोन्ही किल्ल्या सांभाळून ठेवा, क्लेमच्या वेळी मागतात.

तुमच्या सायकल-टू-वर्कच्या सायकलचं तर अजून वेगळंच आहे. त्या स्कीममधला भाड्याचा करार चालू असेपर्यंत कागदोपत्री ती तुमची नसतेच, आणि चोरीला गेली तरी पगारातून कपात साधारणतः चालूच राहते. म्हणजे सायकल नाही आणि हप्ता आहे. एचआरला मेल टाकून विचारा की विमा कुणी काढायचा, उत्तर बहुतेक ‘तुम्ही’ असंच येईल.

आणि आज रात्रीच करण्यासारखं एक फुकटचं काम. चारही सायकली उलट्या करून पेडलांच्या मधल्या भागाखाली कोरलेला फ्रेम नंबर टिपा, फोटो काढा आणि बाईकरजिस्टरवर नोंदवा. पोलीस सापडलेली सायकल याच डेटाबेसमध्ये शोधतात, आणि नंबरच नसेल तर समोर दिसत असलेली सायकलसुद्धा आपली आहे हे सिद्ध करता येत नाही.

पिंपरी_एक्सप्रेस

हजार पौंड म्हणजे लाखाच्या वर रुपये!! एवढ्यात इकडे चौघांना नवीन सायकली येतील आणि वर शेव-मिसळ पण. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या खांबाला साखळी आणि वॉचमनकाकांना दिवाळी, झालं.

रेडिंगचा_पेडलवाला

@पिंपरी_एक्सप्रेस वॉचमनकाका पाठवा, राहायला शेड देतो 😄

@बारीक_अक्षर पॉलिसी उघडली. आउटबिल्डिंगची मर्यादा बघून गप्प बसलोय. नुसती बायकोचीच सायकल त्याच्या वर जाते. बरं झालं विचारलं.

एडिनबरा_धुकं

परवानगीचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये घराच्या मागच्या गार्डनमध्ये साधी शेड टाकायला बहुधा प्लॅनिंग परमिशन लागत नाही, ती परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये येते. तुझ्या कामाची मुख्य अट उंचीची, हद्दीपासून २ मीटरच्या आत टाकणार असशील (आणि फेन्सला लागूनच टाकणार ना) तर एकूण उंची २.५ मीटरच्या वर नको. तुमच्या मूळ घराभोवतीची अर्ध्याहून जास्त जागा अशा बांधकामांनी व्यापलेली नको, ते एका शेडने काही होत नाही. घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे मात्र चालत नाही, म्हणजे फ्रंट गार्डनमध्ये टाकायची तर परवानगी काढावी लागते, छोटी असली तरी. लिस्टेड बिल्डिंग (वारसा म्हणून संरक्षित इमारत) असेल, फ्लॅट असेल तर गोष्ट वेगळी. नवीन वसाहतींमध्ये कधी कधी हे हक्कच काढून घेतलेले असतात किंवा डीडमध्ये काहीतरी कलम असतं, घर नवं असेल तर कागद बघून घे. आणि भाड्याने राहणारे कुणी वाचत असतील तर घरमालकाला मेल करून लेखी होकार घ्या, तोंडी नको.

स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, इकडे २०२१ पासून पुढच्या गार्डनमध्येसुद्धा ठराविक मापापर्यंतची सायकल-पेटी परवानगीशिवाय ठेवता येते. इंग्लंडमध्ये अजून तसं नाही.

लंडन_फ्लॅटवाला

गार्डन आहे तुमच्याकडे, नशीबवान आहात. आम्ही रस्त्यावरच्या बाईकहँगरच्या वेटिंग लिस्टवर. तो गोल छपराचा डबा, अर्ध्या गाडीच्या पार्किंगच्या जागेत सहा सायकली बसतात, काउन्सिलला वर्षाचं भाडं द्यायचं, फक्त नंबर लागला पाहिजे.

एकच सांगतो, स्ट्राव्हा (सायकलफेऱ्या नोंदवायचं ॲप) वापरत असाल तर त्यात घराभोवतीचा भाग लपवायची सेटिंग आहे ती चालू करा. रोज सकाळी तुमच्या दारातून निघालेली लाल रेघ सगळ्या जगाला दिसत असेल आणि वर सायकलचं मॉडेलही लिहिलेलं असेल, तर शेड कशाची आहे हा प्रश्नच उरत नाही. फेसबुकवर विकायला टाकलेल्या सायकलच्या फोटोतही मागे शेड दिसू देऊ नका.

हातोडी_पक्कड

ग्रुपवाल्यांनी बाकी सगळं सांगितलं, मी अँकर आणि पाया नीट सांगतो कारण तिथेच गफलत होते. आधी कळस मग पाया असं करू नकोस, शेडची ऑर्डर देऊन मग डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी गवतावर चार फरशा मांडायच्या हा इकडचा राष्ट्रीय खेळ आहे.

काँक्रीट टाक. गवत आणि वरची माती काढायची, खडी घालून चांगली ठोकायची, त्यावर ओलरोधक प्लास्टिक, त्यावर निदान १०० मिमी काँक्रीट. शेडचा तळ जेवढा तेवढाच, अगदी थोडा मोठा चालेल, जास्त मोठा ठेवलास तर बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेलं पावसाचं पाणी शेडखाली जातं. फॉर्मा (काँक्रीट ओतायची चौकट) लावला की दोन्ही कर्ण मोजून बघ, सारखे आले तर कोपरे काटकोनात. लोखंडी शेडला पातळी जरा जरी चुकली तरी दारं एकमेकांना घासतात आणि लॉकची जीभ खाचेत बसत नाही, मग लोक दाराला शिव्या घालतात, चूक असते जमिनीची.

मग चार आठवडे जाऊ दे. अँकर ओल्या, कच्च्या काँक्रीटमध्ये भोक पाडून बसवलास तर बोल्ट फुगताना कडा फुटतात. कडेपासूनही लांब ठेव. फरशीत अँकर बसवू नकोस, फरशी किती वजनाची ती, अँकरसकट उचलून नेतील. आणि तुला काँक्रीट नकोच असेल, लाकडी तळाचीच शेड घेणार असशील, तर प्रॅग्मासिसचं शेड शॅकल म्हणून एक मिळतं बघ, त्यात स्टीलच्या पट्ट्या शेडच्या लाकडाला बोल्ट करतात, म्हणजे सायकल सोडवायची तर शेडच मोडायला लागते आणि आवाज होतो.

साखळी १३ मिमीच्या खाली नको, आठ-दहा मिमीची हातातल्या बोल्ट क्रॉपरने तुटते. आणि बांधताना ती जमिनीवर लोळत ठेवायची नाही. जमिनीवर असली की क्रॉपरचा एक दांडा खाली टेकवून दुसऱ्यावर अंगाचं सगळं वजन टाकता येतं, अधांतरी असली की फक्त दंडाचा जोर. बॅटरीच्या ग्राइंडरपुढे (लोखंड कापायच्या मशीनपुढे) मात्र साखळी कुठलीच टिकत नाही. हिपलॉकचं डी १००० किंवा लाइटलॉकचं एक्स १ ही यू-लॉकं ग्राइंडरला बराच वेळ झुंजवतात, चकत्यांवर चकत्या झिजतात, पण किमती तशाच. तू घरासमोर नाही, शेडच्या आत बांधणार आहेस, तर साखळी आणि एक साधा बॅटरीवर चालणारा शेड अलार्म पुरे असं मला वाटतं.

६ बाय ४ नाही पुरणार. ते माप बाहेरचं असतं, छपरासकट कधी कधी. मोठ्या माणसाची सायकल साधारण १८० सेंटिमीटर लांब, सहा फूट म्हणजे १८३, त्यातून चौकट वजा केली की आत सायकल सरळ बसत नाही, चाक तिरकं करून दाबावं लागतं आणि दुसरी तिच्यावर चढते. ७ बाय ५ घे, दार लांब बाजूला, दुहेरी. अरुंद बाजूला दार असेल तर सगळ्यात आतली सायकल काढायला बाकीच्या तिन्ही गार्डनमध्ये काढाव्या लागतात, आणि रोज सकाळी ती नेमकी तुझीच असेल. एक पुढे तोंड एक मागे तोंड अशा लावल्या की हँडल एकमेकांत अडकत नाहीत.

यॉर्कशायरची_सूनबाई

एक राहिलं. बायकोच्या सायकलची बॅटरी शेडमध्ये ठेवू नका, काढून घरात आणा. गोठणबिंदूखाली लिथियमची बॅटरी चार्ज करायची नसते, आणि बॅटरीविना सायकल चोरालाही कमी कामाची. पण घरात आणली तरी हॉलवेत चार्ज करू नका हो! आता तुम्ही तेच करताय ना? आग लागली तर तोच तुमचा बाहेर पडायचा रस्ता. फायर ब्रिगेडवाले कानीकपाळी ओरडून सांगतात, झोपेत चार्जिंग नको आणि जायच्या वाटेवर नको. सायकलबरोबर आलेलाच चार्जर वापरा.

रेडिंगचा_पेडलवाला

चार्जर आत्ताच उठून किचनमध्ये नेला, जागेपणीच लावायचा असं घरात जाहीर झालंय.

मंडळी खूप आभार. घरात बैठक झाली. पाया काँक्रीटचा, अँकर आणि १३ मिमीची साखळी हे पक्कं, त्याचे पैसे आधी बाजूला काढले. शेडवर अजून मतभेद आहेत, मी लोखंडी म्हणतोय, ती म्हणते हातोडी_पक्कड सांगतात तसे बोल्ट तू बसवणार असशील तर लाकडी, नाहीतर लोखंडी. म्हणजे चेंडू माझ्याकडे. दरम्यान आजोबांकडे शनिवारी जाऊन त्यांचं दार कोच बोल्टांनी परत बसवून देतो, त्यात मला जमतंय की नाही ते कळेलच. @हातोडी_पक्कड त्यांच्या दाराची फळी बिजागरीपाशी चिरलीय, तिथेच बोल्ट टाकू की जागा बदलू?

हातोडी_पक्कड

जागा बदल, दोन-तीन इंच वर घे, चिरलेल्या लाकडात बोल्ट धरत नाही. जुन्या भोकांत लाकडी खुंट्या ग्लू लावून ठोक. आणि दाराला आतून आडवी पट्टी आहे का बघ, बिजागरी तिच्यावर आली पाहिजे, नुसत्या फळीवर नको. एम८ चे (८ मिमी जाडीचे) बोल्ट ने, लांबी तिथे मोजून मग घे.